पाच पल्ले ज्वारी

मोठीआईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या, संदुकीची किल्ली कुठं असते ते घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. देवघरात, खंडोबाच्या टाकामागं. पण ती असेपर्यंत त्या किल्लीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तेरावं उरकलं, पाहुणे जेवून गेले, आचाऱ्यानं कढया टेम्पोत टाकून नेल्या, तरी आम्ही सात-आठ जण ओसरीवर बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी थोरली आत्या उठली.

"उठा रं. आता काय ती यिऊन उघडून देनार हाय का?"

२०२३ ची दिवाळी होऊन महिना झाला होता. पुण्याच्या पोरांच्या रजा संपत आलेल्या, म्हणून दोन दिवसांत घर आवरायचं ठरलं. दोन दिवसांत! त्या घरात पाऊणशे वर्षं एका बाईनं काहीही टाकून दिलेलं नव्हतं.

आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा सोडलं की अहमदपूरच्या अलीकडं, डांबरीपासून आत. त्यामुळं घराणं दोन्हीकडं सांडलं. काका नांदेडला गेले, आमचे दादा, म्हणजे वडील, लातूरला. नांदेडची पोरं 'काय करायलाव' म्हणतात, लातूरची 'काय करूलालाव'. मोठीआई दोन्ही म्हणायची, समोर कोण बसलंय ते बघून. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून दोन्ही शहरं भांडली, तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत काका आणि दादा शेजारी बसून शेवटच्या भातापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. वाढायला उभी असलेली मोठीआई म्हणाली होती, "कुटं बी होऊ द्या. कागद घिऊन चकरा तर तुमालाच मारायच्यात."

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता आणि राज्य निजामाचं. १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा बिदरमधले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके इकडं आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ ला लातूर जिल्हा निघाला. घर जागचं हललं नाही, पण बाईनं चुलीपुढं बसून तीन जिल्हे आणि तीन राज्यं बघितली: हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. या सगळ्या उलथापालथीबद्दल तिला विचारलं तर ती म्हणायची, "आदी पटवारी यायचा, मग तलाठी यायला लागला."

तिचं वय कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आधार कार्डावर १ जानेवारी. तिच्या चारही लेकरांचा जन्म मात्र १ जूनचा, वेगवेगळ्या सालांचा. यात नवल वाटणारा माणूस मराठवाड्यातला नव्हे. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर टाकतील ती तारीख, आणि मास्तरांना एक जून सोयीची. म्हणून तर आमच्याकडं दर ३१ मे ला निरोपसमारंभांची जत्रा भरते. मोठीआईच्या हिशेबात तारखांना जागाच नव्हती. थोरली आत्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दुसऱ्या सुगीला, बहात्तरच्या दुष्काळात धाकटी चालती-बोलती, आणि थोरला नातू भूकंपाच्या आदल्या वर्षी. तिची सासू तर मानमोडीच्या साथीपासून मोजायची, असं ती सांगे. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. करोनात आम्ही सगळे घरात कोंडून बसलो तेव्हा तिला त्याची फारशी भीती वाटली नाही. तिच्याकडं सासूकडून ऐकलेली मोठी साथ शिल्लक होती.

आवरायला सुरुवात झाली भांड्यांपासून, कारण भांड्यांवरून रडू येत नाही असं काकूला वाटलं होतं. माजघराच्या भिंतीत दोन बळदं आहेत. नव्या पोरांसाठी सांगतो: बळद म्हणजे जाड भिंतीत ठेवलेली धान्याची कोठी, वरून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. ज्वारी कधीच संपली होती. त्यांत आता पितळ भरलं होतं. घंगाळ, हंडे, तपेली, चरव्या, कान तुटलेलं एक तांब्याचं घंगाळ. जवळपास प्रत्येकावर टिंबटिंबांनी कोरलेलं नाव. लग्नात ज्यानं भांडं दिलं त्याचं. आत्या एकेक भांडं चिंचेच्या कोळानं घासून नाव वाचायची आणि काका माणूस ओळखायचे. "हे कोन म्हनावं?" "आगं ते चाकूरचे. तात्यांचे आतेभाऊ. त्यांनी आपल्याला बैल दिल्ता." निम्मी नावं कुणालाच लागेनात. माणसं गेली, त्यांना ओळखणारेही गेले, आणि त्यांचा तपेलीवरचा आहेर तेवढा घासला की चमकतो.

कपड्यांपाशी आल्यावर बायकांनी आम्हाला बाहेर काढलं. पण दार उघडंच होतं. अंगावरचं नेसूचं तिच्याबरोबर गेलं, रोजची लुगडी शेतात कामाला येणाऱ्या बायांना दिली, लग्नांतली तीन इरकली कुणी न्यायची यावर बरंच कुजबुजणं झालं आणि शेवटी तिन्ही एका पिशवीत जाऊन पडली. पिशवी अजून थोरल्या आत्याकडं आहे. मधेच आई एक वाकळ घेऊन ओसरीवर आली. फाटकी, जड, धुरकट वासाची. तेराव्यापर्यंत ती भिजत न टाकता तशीच ठेवली होती. ही कुणाला देणार आणि देऊन तरी कोण घेणार?

काकू म्हणाली, उसवू या. वर पांघरायची, खाली अंथरायची आणि आत भरायची, अशी वाकळीची घडण असते. जुनं लुगडं फाटलं की ते थरात जातं, धावदोऱ्याचे टाके घालत बाया चारी बाजूंनी आत येतात. मोठीआईचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, एका ओळीत. उसवायला दोघी बसल्या, एक तास गेला. वरचा थर तिच्याच हिरव्या लुगड्याचा. त्याखाली तात्यांचं, आमच्या आजोबांचं, धोतर, नांदेडच्या मिलचं. काका त्या मिलमध्ये होते. पूर्वीची उस्मानशाही मिल, पुढं नांदेड टेक्सटाईल मिल झाली, आता भोंगा बंद पडूनही कितीतरी वर्षं झाली. त्याखाली दादांची शाळेची खाकी चड्डी, तिच्या खिशासकट. खिशात पेन्सिलीचं टोक निघालं, एवढंसं. मग टेरिकॉटचा एक शर्ट, ज्यावरून काका आणि दादांची मारामारी झाली होती म्हणे. दोघांनीही तो आपलाच असल्याचं त्या ओसरीवर पुन्हा एकदा शपथेवर सांगितलं. आणि अगदी मधल्या थरात बारदान्याचा तुकडा, ज्यावर इंग्रजी अक्षरांचा निळा शिक्का पुसट राहिला होता.

"हे बहात्तरचं," थोरली आत्या म्हणाली. "मिलोचं पोतं."

बाकी सगळे गप्प झाले. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची, तिला मिलो म्हणत. भाकरी थापली तर चिरायची आणि थंड झाली की दगड. रोजगाराच्या कामावर लेकरांना सुकडी मिळायची. आत्या तेव्हा बाविशीची, लग्न झालेली. माहेरी आली तेव्हा तिनं आईला खडी फोडताना पाहिलं. पाटलाच्या घरची सून खडी फोडते हे कुणी बघू नये म्हणून मोठीआई दुसऱ्या गावच्या नाल्यावर कामाला जायची, असं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दादांनाही ते ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मला तर शेताकडं गेली म्हनून सांगायची."

वाकळ पुन्हा शिवली गेली नाही. थर पोत्यात भरून ठेवलेत.

धाकटी आत्या यातल्या कशातच नव्हती. तिनं अंगणात लिंबाखाली बाज टाकून घेतली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करून देत होती. घरात ये म्हटलं तर "तुमी बगा की" म्हणायची. काकूच्या मनात आलं की ती रुसली. मला वाटतं काकूला विसर पडला होता.

आत्याचं सासर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं पाठ टेकलेली, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात विहिरीसारखं गार असणारं घर; तेच अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. आत्याची सासू गेली, धाकटा दीर गेला. दादा दुसऱ्या दिवशी पोचले. जवानांनी ढिगाऱ्यातून काढलेली भांडीकुंडी रस्त्याच्या कडेला मांडली होती आणि माणसं आपापलं ओळखत फिरत होती. आत्याचा एक हंडा सापडला, चेंबलेला. त्यावर आमच्या तात्यांचं नाव कोरलेलं होतं म्हणून. लग्नाचा फोटो, पोरांचे दाखले, सासऱ्याच्या जमिनीचे कागद, यातलं काही नाही. पावसात चिखल झाला सगळ्याचा. त्या हिवाळ्यात ती माहेरी आली तेव्हा पत्र्याच्या शेडात झोपायची. तिच्यामुळंच तात्यांनी आमचं माळवद उतरवून वर पत्रे टाकले. उन्हाळ्यात घर तापतं म्हणून आम्ही पोरं कुरकुर करायचो. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तिनं एकदा असं आवरलं होतं. दुसऱ्यांदा आवरायला तिला बोलावणं, तेही हाका मारमारून, हे आम्हाला सुचायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संदूक. लाकडी, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली, तिच्या माहेराहून बैलगाडीतून आलेली. आत वरच्या थराला वेखंडाचा आणि कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास. तात्यांची एचएमटी, बंद. दादांच्या आणि काकांच्या मनिऑर्डरींच्या पावत्या, सुतळीनं बांधलेल्या. घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दीडशे तरी. पतसंस्थेचं पासबुक. लातूरच्या नातीचं बारावीचं गुणपत्रक, झेरॉक्स. तिला ते काय आहे हे कळत नव्हतं, पण पोरगी डॉक्टर होणार म्हणून पेढे वाटले गेले तेव्हा तिनं मागून घेतलं होतं. लातूर पॅटर्नचा एवढा निरपेक्ष चाहता दुसरा नसेल.

आणि मग दोन पुड्या. पहिलीत सोळा रुपये. चांदीचे, चारमिनार असलेले, चारमिनाराच्या मधल्या कमानीत उर्दूतला 'ऐन', म्हणजे उस्मान अली खान. हाली शिक्का. आमच्याकडं इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणत आणि निजामाच्या रुपयाला हाली. सात हालीला सहा कलदार हा भाव जुन्या माणसांच्या तोंडात होता. १९५९ ला हाली कायमचा बंद झाला. तिनं ते बदलून का घेतले नाहीत कोण जाणे. दुसऱ्या पुडीत पाचशेच्या जुन्या नोटा, अकरा. नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या. त्या दिवसांत दादा अहमदपूरच्या बँकेत रांगेत उभे राहून घरातल्या झाडून सगळ्या नोटा भरून आले होते, आणि घरी येऊन तिला दोनदा विचारलं होतं, "आनखी हायेत का?" ती म्हणाली होती, "माज्याकडं कुटले रं पैसे?"

एका बाईच्या हयातीत दोनदा पैसा मेला आणि दोन्ही वेळा तिनं आपला वाटा लपवून ठेवला. काकू हसता हसता रडायला लागली. दादा मात्र चिडले, खरोखर चिडले, साडेपाच हजार रुपयांसाठी, आणि अंगणात निघून गेले. मेलेल्या आईवर रागवायची ती त्यांची शेवटची संधी असावी.

संदुकीच्या तळाशी, मणी-डोरल्याच्या डबीखाली, खणाच्या चौकोनी तुकड्यात बांधलेला एक कागद होता. आठ घड्या. उलगडताना दोन घड्यांवर फाटला. उर्दू, काळ्या शाईत, घाईघाईच्या हाताचं, खाली एक शिक्का.

चुलतभावाचे डोळेच चमकले. त्याचं कारण त्या वर्षाच्या हवेत होतं. सप्टेंबरात सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रं देण्यासाठी मराठवाड्यातल्या निजामकाळच्या नोंदींत 'कुणबी' हा शब्द शोधायचं काम चाललं होतं. ज्या कागदांना गावात कधी रद्दीचा भाव आला नसता ते कागद लोक माळ्यावरून उतरवत होते. मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. पानटपरीवर 'खासरा पाहणी' हा शब्द ऐकू यायचा. भाऊ म्हणाला, "एवढं जपून ठिवलंय म्हंजी काईतरी असनारच." दादा म्हणाले जमिनीचा असेल. काकांना वाटलं सावकाराची चिठ्ठी. थोरली आत्या काहीच बोलली नाही, फक्त तो खणाचा तुकडा हातात धरून बसली.

अहमदपूरला एक निवृत्त शिक्षक आहेत, उर्दू शाळेतले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सगळे मास्टरसाहेब म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांची नात दारात अभ्यास करत होती, दहावी, उर्दू माध्यम. त्यांनी आधी कागद तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, ये कौन सी जबान है?" मास्टरसाहेब हसले. कागद उर्दूतच होता, पण लिपीचा हात शिकस्ता. कचेरीतले कारकून नुक्ते गाळून, अक्षरं एकात एक गुंतवून झरझर लिहीत. छापील नस्तालिक वाचणाऱ्या पोरीला ती मुंग्यांची रांगच. आपल्याकडं मोडीचं जे झालं तेच.

चष्मा पुसून, कागद उन्हाकडं धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. मौजे अमुक, तालुका अहमदपूर, जिल्हा बिदर. सन तेराशे पंचावन्न.

"तेराशे पंचावन?" भाऊ ओरडलाच. "म्हंजी महाराजांच्या बी आदीचा?"

मास्टरसाहेबांना एवढं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. "बेटा, फसली सन आहे. त्यात पाचशे नव्वद मिळव." हैदराबाद संस्थानात सरकारी कामाला फसली साल चालायचं, ऑक्टोबरात बदलणारं, आजर, दै, बहमन अशा फारशी महिन्यांचं. १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. महिना खुरदाद, म्हणजे एप्रिल. पुढं आमच्या पणजोबांचं नाव. आणि मग: ज्वारी, पाच पल्ले, जमा.

एवढंच. सरकारी लेव्हीची पावती.

भावाचा चेहरा पडला. जातीचा रकानाच नव्हता त्यात. जमीन नव्हती, कर्ज नव्हतं. त्या वर्षांत निजाम सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं धान्य घ्यायचं, त्याची पोच. पल्ला म्हणजे तीन मण. पंधरा मण ज्वारी पणजोबांनी गाडीत घालून नेऊन दिली आणि कारकुनानं हा चिटोरा हातात टेकवला.

परत येताना गाडीत थोरली आत्या बोलायला लागली. तिला पावतीचं ठाऊक होतं, हीच ती हे ठाऊक नव्हतं. तिच्या लहानपणी तिची आजी सांगायची: लेव्हीवाले यायचे, बळद मोकळं करायचे, पेवाच्या तोंडावरची माती उकरायचे. दिलंय म्हटलं तर कागद दाखव म्हणायचे. एका वर्षी दिलेलं धान्य पुन्हा मागायला आले होते. मग आजीनं कागद खणात बांधला आणि मोठीआई सून होऊन आली तेव्हा दागिन्यांबरोबर तिच्या ओटीत घातला. सांगितलं, ह्यो हाय तवर कुनी परत ज्वारी मागनार न्हाई. १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेला. कागद राहिला.

"आन तुला सांगू का," आत्या म्हणाली, "महाराष्ट्र झाल्यावर बी ज्वारीची लेव्ही आल्ती. तलाठी दारात आल्ता. मायनं आतून एक कागद आनून त्याच्या म्होरं धरला. मी व्हते तिथं. त्यानं उलटापालटा करून बगितला, आन चहा पिऊन गेला. परत आला न्हाई त्या वर्साला."

त्यालाही तो वाचता आला नव्हता. तिला तर अक्षरओळखच नव्हती. संदुकीतले बाकीचे कागदही ती घडीवरून आणि वासावरून ओळखायची.

वाटणी तिसऱ्या दिवशी सकाळी झाली, कुणी भांडलं नाही, आणि हे मी लिहितोय कारण ते आमच्याकडं नोंद घेण्यासारखं आहे. घंगाळ नांदेडला गेलं. तांब्याचे हंडे आईनं लातूरला घेतले. फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते दिवस आठवून ती भांडं म्हटलं की आधी ते किती घागरींचं हे बघते. हाली रुपये नातवंडांना एकेक. अकरा नोटा दादांनी घेतल्या आणि पाकिटात ठेवल्या.

जातं कुणी घेतलं नाही. दोघांना मिळून ते उचलेना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, मराठवाड्यातूनही केल्या. आमच्या गावात कुणी आलं नाही आणि आम्हालाही कधी सुचलं नाही. मोठीआई पहाटे म्हणायची ते मी अंथरुणातून ऐकलंय. चाल आठवते. शब्द एकही नाही. आईला विचारलं, काकूला विचारलं; दोघी म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा गावात चक्की आली होती.

लेव्हीची पावती वाटणीत नव्हतीच. भावानं तिची झेरॉक्स काढली, तीही अर्धवट आली. मूळ कागद ओसरीवर, पानाच्या डब्याखाली पडला होता. आम्ही गाडीत सामान चढवत असताना धाकटी आत्या तीन दिवसांत पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. कागद उचलला, घड्यांवर घड्या घातल्या.

"ह्यो मी नेऊ का?"

"आगं, भांडं तरी घे एकांदं," काकू म्हणाली.

"भांडं निगतंय दगडाखालनं."

तिनं थोरल्या आत्याकडून तो खणाचा तुकडाही मागून घेतला. पावती तिच्या भूकंपानंतरच्या घरात, गोदरेजच्या कपाटात आहे. मास्टरसाहेबांनी सांगितलेला मजकूर तिच्या नातवानं वहीच्या पानावर लिहून सोबत ठेवलाय.

तुमच्या घरच्या संदुकीत, बळदात, जुन्या टाकाखाली असा काळ्या शाईचा कागद असला तर तो रद्दीत टाकू नका आणि प्रमाणपत्राचीही वाट बघू नका. शिकस्ता वाचणारी माणसं अहमदपुरात, उदगीरला, कंधारला, नांदेडच्या इतवाऱ्यात अजून थोडी आहेत. सगळी ऐंशीच्या घरातली. आमच्या मास्टरसाहेबांकडं जायचं तर सकाळी जा. उजेड लागतो त्यांना. संध्याकाळी गेलात तर चहा पाजून परत पाठवतील.